सावित्रीच्या उथळ पाण्यात इंजिन बसवायला गेलो होतो

महाडला मी हौसेने गेलो नव्हतो. साठच्या दशकाची सुरुवात होती आणि मी मुंबईच्या बंदराजवळ होड्यांची इंजिनं विकणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. एके दिवशी सखाराम नावाचा गिरणी कामगार आला. त्याचा थोरला भाऊ दगडू महाडजवळच्या गावात सावित्री नदीवर तर चालवायचा, म्हणजे माणसांना होडीतून पैलतीरी न्यायचा. दादा थकला, होडी ढकलताना त्याला त्रास होतो, तेव्हा होडीच्या मागे लावायचं इंजिन द्या, एवढंच सखारामचं मागणं. पाणी किती खोल, असं विचारलं तर म्हणे, मोप हाय. आपल्या गावची नदी उथळ आहे हे मुंबईत येऊन कोण कबूल करील? मालकांनी मला त्याच्याबरोबर पाठवलं. पाणी बघ, मगच इंजिन ठरव, म्हणाले.

आता तुम्ही निघालात तर सकाळी निघून दुपारचं जेवण महाडला घ्याल. आम्ही एस.टी.ने ठाण्यावरून वळसा घेऊन पनवेल, पेण, नागोठणे करत धूळ खात गेलो, त्यात अख्खा दिवस गेला. मार्च महिना. चवदार तळ्यावरच्या मेळाव्याला माणसं यायला लागली होती, त्यामुळे एकाही धर्मशाळेत पाठ टेकायला जागा नाही. या दिवसांत जाणार असाल तर राहायची सोय आधी करून ठेवा. आम्ही सरळ सखारामच्या गावी गेलो. दगडूची बायको, पारूवैनी, हिने कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी वाढली. इतकी चवदार पिठी मी नंतर कुठे खाल्ली नाही.

सकाळी बांबू घेऊन मी नदी मोजत बसलो. इथवर खाडीची भरती येते. भरतीला दोन पुरुष खोल पाणी, ओहोटीला मधल्या गोट्यांवर जेमतेम गुडघाभर. अशा ठिकाणी इंजिनाचा दांडा आखूड हवा, पंखा वर उचलता यायला हवा आणि ताकद बेताची हवी. मोठं इंजिन लावलं तर होडीचं शेपूट खाली बसतं आणि पंखा गोटे खणतो. सखारामला हे पटेना. त्याने मुंबई बंदरातल्या लाँचा पाहिल्या होत्या. त्याला फेस उडवणारं इंजिन हवं होतं.

मी होडीतून चार-पाच खेपा केल्या. दगडू पुढे उभा राहून लांब वेळूने तळ चाचपत होडी ढकलायचा. हात कसले थकलेत! पन्नाशीचा गडी, पण खांदे माझ्या दुप्पट. मला वैताग आला तो पारूवैनीचा. ती प्रत्येक खेपेला मागे बसायची आणि तिच्या तोंडाला खीळ नसायची. उंबराला फळं धरली गो, कातळावर म्हशी कुणाच्या, पैलाडच्या घाटावर धुणी किती वाळत घातलीत. बाकीच्या बायाही तिला साथ द्यायच्या. या बाईला घरी काही काम नाही का, असं मला वाटून गेलं.

पोलादपूरच्या एका कंत्राटदाराकडे जुनं इंजिन पडून आहे, असं सखारामला कळलं होतं. मोठं, लांब दांड्याचं. मी नको म्हणत होतो, पण तो हट्टाला पेटला. दुपारच्या गाडीने पोलादपूरला गेलो. तिथे सावित्री म्हणजे नुसते धोंडे आणि मधून वाहणारी पाण्याची धार. तिथल्या गोदामात होडीचं इंजिन बघून मला हसू आलं. वेळ असेल तर तुम्ही तिथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जरूर चढा, वर हवा एकदम बदलते. आम्हाला वेळ नव्हता. इंजिन दोन दिवसांच्या बोलीवर उसनं घेतलं आणि गाडीच्या टपावर टाकून परत आणलं.

चाचणीला अर्धा गाव काठावर. होडीची मागची बाजू निमुळती, म्हणून तिथे फळी ठोकून इंजिन बसवलं. भरती ओसरायला लागली होती. मी थांबा म्हणालो, पण सखारामला धीर कुठला! त्याने दोरी खेचली. सगळी नदी त्या धडधडाटाने भरून गेली. आठ-दहा माणसं होडीत, पारूवैनीही होती. तिचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द एकही ऐकू येत नव्हता. मी दगडूकडे पाहिलं. त्याने वेळू पाण्यातून वर काढून धरला होता आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होता. समोर कातळ होता, तरी तो काही बोलला नाही.

होडी कातळाला घासून गोट्यांवर चढली. पंख्याची पिन तुटली. मी घाईने इंजिन बंद केलं. त्या शांततेत पारूवैनी हळूच म्हणाली, "उजव्या हाताला कातळ हाय. डाव्या अंगानं ढकला."

दगडूने वेळू टेकवला आणि होडी सोडवली. मला तेव्हा उमगलं. या माणसाला दिसत नव्हतं.

संध्याकाळी पारूवैनीने मला पाणी देता देता सांगितलं. चार वर्षं झाली. गावाला सगळं ठाऊक, होडीत बसणारी पोरंसुद्धा त्याला वाट कळावी म्हणून मोठ्याने बोलायला शिकलेली. फक्त सखारामला सांगितलं नव्हतं.

"भावजी जीव लावतात, म्हनून तर भ्या वाटतं," ती म्हणाली. "कळलं तर ह्यांना मुंबईला नेतील. तिथं खोलीत बसून हे काय करतील? तुमी इंजान चालंल म्हनलात, तर त्या आवाजात ह्यांना काय ऐकू येनार? आमचं संपलंच बघा."

मी चांगलाच अडकलो. आखूड दांड्याचं लहान इंजिन तिथे चाललं असतं, दुकानात ते तयार होतं. आणि न दिसणाऱ्या माणसाच्या होडीत आठ-दहा जीव बसतात, हेही मला रुचत नव्हतं. आजही पुरतं रुचलेलं नाही. पण चार वर्षांत त्या होडीतून कुणी पडलं नव्हतं, आणि आम्ही डोळस माणसांनी ती पहिल्याच दिवशी कातळावर घातली होती.

सखारामने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आमच्याकडचं एकही इंजिन इथे चालणार नाही."

तो वाद घालील म्हणून मी कारणं जुळवून ठेवली होती. त्याने एकही विचारलं नाही. इंजिनात नवी पिन घालून ते पोलादपूरला पोचतं केलं आणि मुंबईची गाडी धरली. माणगावला चहाला उतरलो.

"वैनी बोलली तवाच मला समजलं," सखाराम म्हणाला. "येवढा गाव एक झाला, भाऊ. मला तेवढं बाहेर ठेवलं."

वाईट वाटलं त्याच्यासाठी. चहा संपवून तो म्हणाला, "पन ठेवलं ते बराबर. मी नेलंच असतं दादाला."

घरी आलो. बायकोने प्रवास कसा झाला विचारलं, मी तिला पिठीचं कौतुक सांगितलं. धंद्याच्या हिशेबाने फेरी फुकट गेली होती. पुढे मी बऱ्याच खाड्या पाहिल्या, बरीच इंजिनं विकली, आणि गिऱ्हाइकाला पाण्याच्या खोलीबरोबर होडी कोण चालवतो हेही विचारायची सवय लागली. तेवढी एक गोष्ट त्या प्रवासाने दिली.

पावसाळा सरल्यावर सखाराम दुकानावरून चालला होता. मालकांनी हाक मारून विचारलं, इंजिनाशिवाय भावाचं कसं चाललंय, त्याला त्रास होत होता ना?

सखारामने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"दादाला काय धाड भरली हाय!" तो मालकांना म्हणाला. "हात जरा भरून येत व्हते, आता बरा हाय."