सहज उतरलेला भाव

मिरजेहून निघालेली गाडी बंगळूरला पोचेपर्यंत मी कितीदा तरी उठून दारात जाऊन आलो.

"बसा की हो आता. लोक तुम्हाला टीसी समजायला लागलेत," सुनंदा म्हणाली. सुनंदा माझी बायको. सांगलीच्या आमच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर तीच बसते.

मला बसवत नव्हतं. नाताळची सुट्टी, शहर तुडुंब भरलेलं, आणि माझ्या खात्यात लेकीच्या नव्या घराच्या डिपॉझिटचे पैसे. बंगळुरात घरमालक इतक्या महिन्यांचं भाडं आधी मागतात की तेवढ्यात आमच्याकडे माणूस दुकान थाटेल. लेक प्राची महादेवपुऱ्यात नोकरी करते. ते पैसे दुसऱ्या दिवशी दिले नाहीत, तर घर दुसऱ्याला जाणार होतं.

आमच्या मुक्कामाची सोय मीच केली होती. प्राची म्हणत होती, "बाबा, साधं हॉटेल घ्या." पण सुट्टीतले दर ऐकून माझं डोकं फिरलं. नेटवर बसवनगुडीतलं अख्खं घर सापडलं. मालकाने नाव सांगितलं सागर, आणि बोलला चक्क मराठीत, अगदी आमच्याकडच्या हेलात. "काका, आपलीच माणसं. तुम्ही म्हणाल तो भाव." मी त्याला निम्म्यावर आणलं. हातगाडीवर पातेली विकत मी भाव करायला शिकलो. तो आनंद कुणी मला शिकवू नये. सगळे पैसे आगाऊ भरून टाकले आणि दिवसभर सुनंदाला ऐकवत राहिलो.

स्टेशनबाहेर पाऊल ठेवताच एका रिक्षावाल्याने माझ्या बॅगेला हात घातला. "सर, बसवनगुडी? सीझन रेट सर!" मी असा ओरडलो की तो बॅग सोडून मागे सरला. आम्ही मेट्रोने गेलो.

गांधी बाजारात सकाळची बोचरी थंडी होती आणि जिकडे तिकडे अवरेकाई (पावट्याच्या शेंगा) रचलेल्या. इथला हिवाळा या शेंगांच्या वासानेच ओळखावा. एक बाई दाणे सोलत बसली होती. सुनंदाला पाव किलो हवे होते.

"अक्का, स्वल्प (थोडं) कमी?" मी विचारलं.

"आगल्ला (जमणार नाही)."

मी निम्मा भाव सांगितला. तिने सोलणं थांबवलं नाही. "बेडा अंद्रे बिडी (नको तर सोडा)."

मी रागाने चालायला लागलो. विकणारी हाक मारते, हा माझा आजवरचा अनुभव. मागे वळून पाहिलं, तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला शेंगा तोलून देत होती. कसलं हे गाव, म्हणत मी सुनंदाला ओढून पुढे नेलं.

घर फोटोतल्यासारखंच होतं. तोच गोल खांबांचा व्हरांडा, तोच पारिजातक. घंटा वाजवली. केसांना पंचा गुंडाळलेल्या एका वयस्कर बाईंनी दार उघडलं. आमचं मराठी ऐकून आणि माझ्या फोनवरचा घराचा फोटो पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो, आणखी एक! परवा नागपूरची मंडळी आली होती, असाच फोटो घेऊन. आमचं घर भाड्याला नाही हो. आम्ही म्हातारा-म्हातारी राहतो इथे."

या वासंतीअक्का. चार पिढ्यांपासून बंगळुरात राहिलेलं मराठी घर. पण त्या क्षणी मला त्याही चोराच्या भागीदार वाटल्या आणि मी त्यांच्याच दारात त्यांच्यावर ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "ओरडून झालं की आत या. कॉफी टाकते."

मी व्हरांड्यातच येरझाऱ्या घालत सागरला फोन लावला, स्पीकरवर. वाटलं होतं, उचलणार नाही. त्याने लगेच उचलला.

"काका, माफ करा! चुकून दोन बुकिंगं झाली. पूर्ण पैसे परत करतो."

"नुसते परत? आमच्या मनस्तापाचं काय?"

"सरी (बरं) काका, वर थोडे टाकतो."

"थोडे नाही." मी आकडा सांगितला. तो कुरकुरलासुद्धा नाही. त्याने लगेच एक कोड पाठवला. "हा स्कॅन करा काका, तुमचा पिन टाका, की पैसे जमा."

जिंकल्याच्या तोऱ्यात मी कोड स्कॅन केला. पिन टाकायला बोट उचललं, तोच सुनंदाने पडद्यावर तळहात ठेवला.

"पैसे यायला पिन कशाला?"

"हात काढ. हा पळून जाईल."

"आपल्या गल्ल्यावर कोड चिकटवलाय. गिऱ्हाईक पैसे देतं, तेव्हा पिन कोण टाकतं? मी, का गिऱ्हाईक?"

फोनमधून आवाज आला, "काका, काकूंना मध्ये घेऊ नका. लवकर करा, कोड बंद पडेल."

सुनंदाने फोन हातात घेतला. "बाळा, असं कर. तू आमच्या दुकानात ये. कोड तिथे आहे. तू स्कॅन कर आणि तुझा पिन तू टाक."

फोन कटला. पडद्यावर स्पष्ट लिहिलं होतं, 'पैसे द्या'. तापलेल्या डोक्याला ते दिसलंच नव्हतं. मी पिन टाकला असता, तर तो म्हणाला असता, "अडकलं काका, पुन्हा टाका." आणि मी चिडून पुन्हा टाकला असता, लेकीचं डिपॉझिट संपेपर्यंत.

आधी बँकेला कळवलं, मग सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. वासंतीअक्कांनी मागची खोली उघडून दिली. मी भाड्याचं विचारलं. "पैशाचं काढलंत तर मात्र बाहेर व्हा," त्या म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी महादेवपुऱ्यात मी घरमालकाची ओळखपत्रं पाहिली, शेजाऱ्यांना विचारलं, कुलूप स्वतः उघडून पाहिलं. "बाबा, पुरे ना आता," प्राची लाजून म्हणाली. मी थांबलो नाही. किल्ली तिच्या मुठीत गेल्यावरच पैसे दिले.

परतताना गांधी बाजारात त्याच बाईकडून पावटे घेतले, तिच्याच भावाने. ज्याच्याकडे द्यायला माल असतो, तो भावासाठी झगडतो. सागरकडे काही नव्हतंच. म्हणून तो मी म्हणेन तिथे उतरत गेला, आणि त्याला मी माझी हुशारी समजलो. ते आगाऊ पैसे अजून आले नाहीत. राग तर मुळीच गेला नाही.

मिरजेला उतरलो. सांगलीसाठी रिक्षा विचारली. मी सवयीने निम्मा भाव सांगितला.

"बसा साहेब," रिक्षावाला लगेच म्हणाला.

मी बॅग उचलली आणि दुसऱ्या रिक्षाकडे गेलो.