लेकीच्या गावावर स्वारी

माझ्या सासऱ्यांइतका लोकशाहीवेडा हुकूमशहा उल्हास नदीच्या दोन्ही काठांना झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. दहिवलीला त्यांची भाताची गिरणी होती. भात भरडायला आलेला माणूस तांदूळ हातात पडेपर्यंत जागचा हलू शकत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. तेवढ्या वेळात ते त्याला कालचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि शेवटी त्याचं मत विचारायचे. इंजिनाच्या धडधडीत त्या बिचाऱ्याला एक अक्षर ऐकू जायचं नाही. तो आपला मान हलवायचा. "मान नको, हात वर कर! मत म्हणजे हात!" सासरे गरजायचे. नेरळच्या एका म्हाताऱ्यानं काखेत गळू झालंय म्हणून सांगितलं, तर त्याला डावा हात वर करायला लावला. घरातही तोच कारभार. संध्याकाळी भाजी कुठली करायची यावर रोज मतदान. सासूबाई शांतपणे सगळ्यांचे हात मोजायच्या आणि स्वतःच्या मनात असेल तीच भाजी करायच्या. सासऱ्यांची त्याला मुळीच हरकत नसे. "मतदान झालं ना? मग झालं तर!" जावयाला सासरी मोठा मान असतो म्हणतात. मला एकच मान होता, मोजलेले हात पुन्हा मोजायचा.

लढाई संपली, जपानात अमेरिकेची फौज उतरली आणि तिथं आता लोकांचं राज्य आणणार अशा बातम्या येऊ लागल्या. सासरे हर्षानं वेडे व्हायचे बाकी राहिले. "बघा जावईबापू, राजाला देव मानणारी माणसं! पण बंदूक दाखवली, आणि लागली मतं द्यायला. औषध कडू असलं की पोराचं नाक दाबावंच लागतं." मी भीत भीत म्हटलं, "मामा, नाक दाबून औषध पोटात जातं, पण राज्य कसं चालणार?" त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी मुकाट्यानं पानाचा डबा पुढे केला.

हे सगळं कौतुकानं ऐकून सोडून देण्यासारखं होतं. पण त्यांची थोरली लेक, आमची आक्का, खालापुराकडे लोधिवलीच्या अलीकडच्या एका गावात दिली होती. त्या गावचे पाटील म्हणजेच तिचे सासरे. गावात विहीर नव्हती. बायका पार नदीतून पाणी आणायच्या, आणि आदल्या उन्हाळ्यात आक्का चढणीवर डोक्यावरच्या हंड्यासकट पडली होती. आता गाव विहीर खणणार होतं, आणि ती आपल्या मळ्यातच खणायची असं पाटलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मळा नदीइतकाच लांब. पाटलांच्या आंब्यांची सोय झाली असती, बायकांची पायपीट तशीच राहिली असती. सासऱ्यांना हे कळलं मात्र, त्यांनी गिरणी बंद ठेवली, हमालांच्या हातात काठ्या दिल्या, दोन बैलगाड्या जुंपल्या आणि व्याह्यांच्या गावावर लोकशाहीची स्वारी काढली. मीही होतो. माझ्या मांडीवर मतदानाची दोन मडकी होती.

देवळापुढं गाव गोळा झालं, म्हणजे हमालांनी केलं. सासऱ्यांनी झकास भाषण ठोकलं. ज्याला विहीर गावात हवी त्यानं या मडक्यात वालाचा दाणा टाकायचा, ज्याला मळ्यात हवी त्यानं त्या. कुणी गडबड करू नये म्हणून दोन्ही बाजूंना काठीवाले उभे. पाटील खांबाला टेकून सुपारी कातरत बसले होते. आपल्या व्याह्यानं भर गावात आपल्यावर काठ्या आणाव्यात, यावर बोलायचं तरी काय? माणसं एकेक करून आली, दाणे टाकून गेली. मी मडकी पालथी केली. सगळेच्या सगळे वाल मळ्याच्या मडक्यात! गावातल्या विहिरीच्या मडक्यात दाणाही नव्हता.

"हे कसं झालं?" सासरे ओरडले. तेव्हा भिवा पुढं झाला. बांधाच्या भांडणावरून या भिवानं कित्येक वर्षं पाटलांचं तोंड पाहिलं नव्हतं. "पाटील आडमुठा हाय, ते आमाला ठावं हाय," तो म्हणाला. "पन त्यो आमचा हाय. तुमी कोन?" सासऱ्यांनी मोठ्या आशेनं आक्काकडे पाहिलं. ती बायकांमधून उठली, डोक्यावरचा पदर सारखा करीत वडिलांसमोर उभी राहिली. "बाबा, तुमी घरी जा. इंग्रज तरी दुसरं काय करतोय? काठी घेऊन आला नि म्हनला, तुमाला राज्य करायला शिकवतो. आमचं आमी बघू."

अंगावर खादी घालणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीनं इंग्रज म्हणावं! गाडीत ते असे बसले होते, की बैलांनासुद्धा हाकारायचं धाडस गाडीवानाला होईना. त्यानंतर गिरणीत वर्तमानपत्र यायचं, पण घडी मोडायची नाही. ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, गिरणीवर झेंडा लागला, सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले, पण कुणाचं मत विचारलं नाही. दिवाळीला पाटलांनी आक्काला माहेरी धाडलं नाही. सासूबाईंनी तिच्यासाठी केलेल्या करंज्या डब्यात तशाच राहिल्या. सासरे एकदा डब्याचं झाकण उघडून बघताना मला दिसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू?

पण आमची आक्का कुणाची लेक! मळ्यातली विहीर पाटील उन्हाळ्यात खणणार होते. हिवाळाभर वालाच्या शेंगा सोलायच्या निमित्तानं ती घरोघर बसली. कुणाला भाषण दिलं नाही, नुसतं विचारलं, "गं, तुला विहीर कुठं बरी पडंल?" चैत्रात एके सकाळी गावातल्या सगळ्या बायकांनी आपापले रिकामे हंडे मधल्या आळीतल्या उंबराखाली आणून ठेवले आणि शेजारी बसल्या. इथं कुदळ पडेपर्यंत पाणी नाही, चूल नाही. पाटील तरातरा आले. बघतात तो रांगेत सगळ्यांत पुढं त्यांच्याच घरचा मोठा तांब्याचा हंडा, आणि मागं खुद्द पाटलीणबाई! पाटलांनी हंडा वाजवून पाहिला, रिकामाच. मग भिवाला म्हणाले, "बघतोस काय रं? कुदळी आन." पहिली कुदळ त्यांनीच मारली.

पाणी लागलं त्या दिवशी आम्हाला आमंत्रण आलं. सासऱ्यांनी वाटेत गाडीत भाषण जुळवलं होतं, पण तिथं त्यांना कुणी बोल म्हटलं नाही. ते गर्दीत मागं उभे राहिले. आक्कानं विहिरीतून पहिला तांब्या भरला आणि सरळ आपल्या सासऱ्यांच्या हातात दिला. मला वाटलं, हे मामांच्या मनाला लागणार. छे! त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरला आणि म्हणाले, "ती बघा, ती माझी थोरली." मग दुसऱ्याला सांगितलं, मग तिसऱ्याला. आक्का लगबगीनं आली, वाकून पाया पडली. "या दिवाळीला येते, बाबा," एवढंच म्हणाली. इतका मानी माणूस, पण भर गावात त्यानं तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

परतताना चौक गाव मागं पडलं. तेव्हा मी सासऱ्यांना डिवचलं, "मामा, मग आता जपानचं काय?"

"त्या अमेरिकेवाल्यांची एखादी लेक तिथं नांदते का हो, जावईबापू?"

"नसावी."

"मग त्यांना घरी जा म्हणून कोण सांगणार?"

आज सासरे नाहीत. कुठल्या तरी देशाची फौज कुठल्या तरी देशाला शहाणं करायला निघाली, अशी बातमी आली की त्यांची फार आठवण येते. त्या सेनापतीला गाडीत शेजारी बसवून, "तुमची एखादी लेक तिथं नांदते का हो?" एवढं एकच विचारणारा माणूस आता कुठून आणायचा?