पेटीतला घट

मिरचीचं बी उगवायला फार वेळ लावतं. गहू तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतो, मिरची पंधरवडा गप्प बसते, आणि थंडी असली तर त्याहून जास्त. आईनं हे मला लहानपणीच सांगितलं होतं. पण लग्न होऊन मी चंदगडाकडनं कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले, तिथल्या घरात हे ठाऊक असलेली मी एकटीच होते.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणायचे. हे फौजेत. माझी शाळा सातवीतनं सुटलेली, माहेर दिवसभराच्या एसटीवर, आणि जाणं व्हायचं वर्षातनं एकदा. आत्ती मला कधी टाकून बोलल्या नाहीत. थंडीत स्वतःची वाकळ माझ्या अंगावर घालून त्या पदर लपेटून झोपायच्या. त्या मायेनं मला उलट धास्तीच वाटायची. आपल्या हातनं काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल, असं मनात सारखं असायचं.

एकाहत्तरच्या नवरात्रात आमचा घट एका अंगानं कुजला. घट दाट आणि पिवळाजर्द उगवला तर वर्ष चांगलं, विरळ आला तर घरावर काहीतरी आहे, असं आत्ती मानायच्या. त्यांनी कुजकी बाजू भिंतीकडं फिरवली. दसऱ्यानंतर हे सुट्टीवर आले, ते सुट्टी संपायच्या आत तार येऊन परत गेले. निघताना पायात बूट घालता घालता मला म्हणाले, "पुढच्या खेपेला तुज्या आईच्या परसातल्या मिरचीचा ठेचा पायजे बघ. ह्या बाजारच्या मिरचीत काय दम न्हाय."

त्या मिरचीचं बी माझ्याकडं होतं. आईनं लग्नात पदराच्या गाठीला बांधून दिलेलं. हे परत येतील तेव्हा झाडाला मिरच्या असायला हव्यात, एवढंच मी धरून बसले. पण थंडीत बी उघड्यावर टाकून उपयोग नव्हता.

भिंतीपलीकडं गादीवाले चाचा राहायचे. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, आणि जोडीला दारात कोंबड्या. पिल्लांसाठी त्यांनी खोक्याची एक पेटी केली होती, आत एक बल्ब. पिल्लं मोठी होऊन पेटी रिकामीच पडली होती. मी चाचीमार्फत मागितली तर चाचा स्वतःच घेऊन आले.

"पिल्लू निगतंय तर मिरची का न्हाय निगायची? फकस्त वायरला पानी लावू नको बेटी, न्हायतर तूच निगशील वर."

आमच्या खोलीत विजेची जोडणी एकाच जागी होती, देव्हाऱ्याशेजारी. म्हणून पेटी तिथं ठेवली. मातीत शेणखत कालवलं, बी पेरलं, वर ओलं फडकं घातलं. आणि तिथंच घोटाळा झाला. देवाशेजारी माती, मातीत बी, वर जळता दिवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आत्तींनी पेटीला हळदीकुंकू वाहिलं होतं.

"आत्ती, मिरची हाय ती."

"असू दे की. पोराच्या नावानं घातलंयस न्हवं?"

त्यांच्या हातातली पाण्याची वाटी घेऊन मीच फडक्यावर पाणी शिंपडलं, वायर सांभाळत. 

तिसऱ्या दिवसापासून त्या फडकं उचलून बघायला लागल्या. आठवडा गेला तरी माती काळीच. "काय गं, आलं का काय?" हे त्या आधी मोठ्यानं विचारायच्या, मग हळू, मग विचारीनाशा झाल्या. नुसतं बघायच्या आणि फडकं परत नीट टाकायच्या, मेल्या माणसाच्या तोंडावर टाकावं तसं. मिरचीला वेळ लागतो हे मी सांगितलं, पुनःपुन्हा सांगितलं. पण सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. मीही स्वयंपाक करता करता त्या पेटीकडं पाठ करून उभी राहायचे.

त्यातच लढाई सुरू झाली. संध्याकाळी दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद. पेटीचा बल्ब मला विझवायचा नव्हता. आम्ही पेटीवर चाचांची एक जुनी गादी घातली, दार लावून घेतलं. पण एका फटीतनं उजेड सुटला असावा. दिवेलागणीलाच दारावर काठी वाजली. गल्लीतलाच एक होमगार्ड पोऱ्या, मागं चार-पाच बघे.

"काय मावशी, पाकिस्तानच्या इमानाला मिरच्या दावायच्यात व्हय?"

बघे हसले. मग त्यातला एकजण हसायचा थांबला आणि म्हणाला, "पेटी कुणाची हाय ही? त्या गादीवाल्याची न्हवं?"

भिंतीपलीकडं चाचांच्या घरात भांडं वाजत होतं, ते थांबलं. 

"माझी हाय," आत्ती म्हणाल्या. "माझं पोरगं तिकडं सरहद्दीवर हाय, आन् तू मला पेटी इचारतोस? चल, हो म्होरं."

गेले ते. आत्तींनी स्वतःच्या हातानं बल्ब काढला. त्या दिवसापासून आम्ही चुलीतली गरम राख मडक्यात भरून पेटीत ठेवायचो, सकाळी न्हाणीतल्या बंबाशेजारी पेटी सरकवायचो. ऊब मिळायची, पण सगळं अंधारात.

लढाई थांबली. चौकातल्या हॉटेलात रेडिओ लावून पेढे वाटले. आमच्या दारातही कुणीतरी पेढा देऊन गेलं, तो ताटलीत तसाच राहिला. ह्यांची काही खबर नव्हती. इतर घरी पत्रं यायला लागली, आमच्याकडं पोस्टमन मान खाली घालून पुढं जायचा.

आणि एके सकाळी आत्तींची हाक आली. हाक नव्हे, किंकाळीच. मी पिठाच्या हातानं धावले. पेटीत उगवलं होतं. अंधारातलं ते, लांबुडकं, पिवळं, दोऱ्यासारखं. उजेडाविना असं वाढलेलं रोप टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आत्तींचं तोंड फुललं होतं. पिवळाजर्द घट! त्यांनी नवरात्रात असाच तर मागितला होता.

मी हात धुऊन पेटी उन्हात न्यावी म्हणून परत आले, तोवर त्यांनी घट उठवतात तसं सगळं उपटलं होतं. थोडं देवाला वाहिलेलं, थोडं ह्यांच्या फोटोला. उरलेलं माझ्या केसात खोवायला त्या पुढं झाल्या. डोळ्यातनं पाणी वाहत होतं. "येतंय बघ माझं लेकरू. येतंय आता."

मी मान वाकवली. केसात त्या कोंबांचा गारवा लागला आणि वाटलं, संपलं. ह्यांच्यासाठी लावलेलं होतं ते, आणि मुळापासनं उपटलं. हे मी त्यांना सांगू शकत नव्हते. कुठल्या तोंडानं सांगणार?

दुपारी त्या माती पंचगंगेला सोडायला निघाल्या. उठलेला घट घरात ठेवत नाहीत. मी पेटीच्या कडेला धरून उभी राहिले. पेटी सोडवेना. आईनं सांगितलेलं दुसरंही मला आठवत होतं. मिरचीचं बी सगळं एकदम येत नाही, काही मागनं येतं.

दारात चाचा आले. काय झालं ते त्यांनी बघितलं असावं, कारण आत्तींना काही न विचारता त्यांनी पेटी उचलली.

"पेटी माजी हाय बहिणाबाई. माजी मी नेतो की. तुमच्या घरात ऱ्हायलं न्हाय म्हंजे झालं."

आत्ती त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या.

मागनं आलेली रोपं चाचांच्या दारात, उन्हात वाढली. बुटकी, जाड दांड्याची. डालड्याच्या डब्यांत लावून चाचीनं ती मला परत दिली. शिमग्याच्या सुमाराला पत्र आलं, हे इस्पितळात होते, बरे होते. वैशाखात घरी आले. हात, पाय, डोळे, सगळं जागेवर. आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांच्या अंगावरनं हात फिरवत राहिल्या, मोजल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मी मिरच्या तोडल्या. तवा तापवला, तेल सोडलं, मिरच्या टाकल्या. त्या फटाफट फुटल्या आणि खोलीत धूर भरला. ठसका लागून मी हसत मागं वळले, तर हे जागेवर नव्हते. कोपऱ्यात, देव्हाऱ्याशेजारी, पेटी असायची तिथं अंग चोरून बसले होते. गुडघ्यात डोकं, दोन्ही कानांवर हात.

"ठसका लागला त्याला," आत्ती म्हणाल्या.

पण ते खोकत नव्हते.

आत्तींनी तवा उचलून अंगणात नेऊन ठेवला. परत येऊन डब्यांतल्या झाडांच्या राहिलेल्या मिरच्या तोडल्या, मुठीत मीठ घेतलं आणि ह्यांच्यावरनं उतरवलं. दृष्ट काढली की मिरच्या विस्तवात टाकायच्या. त्या चुलीकडं वळल्या, तशी मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"चुलीत नको, आत्ती. तिथंबी फुटतील त्या."

त्या थांबल्या. मूठ तशीच मिटलेली. आम्ही दोघी दारात येऊन उभ्या राहिलो, आणि त्या मिरच्या कुठं टाकायच्या ते दोघींनाही कळेना.