डोळे उघडेपर्यंत

रत्नागिरीत तेव्हा कौलं उतरून स्लॅब चढू लागले होते. त्या श्रावणात आम्ही मूर्ती घडवायचो त्या गणपतीच्या शाळेला लागूनच एक इमारत उठत होती. स्लॅबखाली धुम्मस मारून जमिनीचा भराव चोपत होते आणि प्रत्येक ठोक्याला फळीवरच्या आमच्या मूर्ती शहारायच्या.

तिथला मुकादम रोज सकाळी यायचा, चपला दारात काढायचा, करवंटीभर पाणी मूर्तींमध्ये ठेवायचा आणि त्यातली वलयं बघत बसायचा. बोलणं कुजबुजत. डोळे न आखलेले ते पांढरे गणपती त्याला झोपलेले वाटत. "निजल्यात न्हवं अजून?" असं मला विचारायचा, आणि पावसाळी उजेडात मलाही ते श्वास घेताहेत असं वाटायचं.

पाणी फार हललं की तो उठून जायचा. मग भिंतीपलीकडून त्याचा लांबवलेला आवाज यायचा, "हितं ठोकू नुकोऽ, पानी पाजाऽ. आपसूक बसंल." आमच्या बाजूचा भराव त्याने असा पाणी जिरवून बसवला. काम रेंगाळलं म्हणून कंत्राटदाराने त्याला घातलेल्या शिव्या मी ऐकल्या आहेत.

डोळे आखायच्या दिवशी नेमका तो गावाला गेला होता. पलीकडे जोराचा ठोका बसला, माझा कुंचला घसरला आणि एका गणपतीची नजर भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी ते बुबुळ पुसायला मी फडकं ओलं केलं, तेवढ्यात तो आला. मूर्तीची नजर जात होती तिकडे, त्याच्या कामाकडच्या भिंतीकडे त्याने पाहिलं. मग म्हणाला, "ऱ्हाव दे, भाऊ. ह्यो माज्याकडंच बगतोय."

चतुर्थीला तोच गणपती डोक्यावर घेऊन तो निघाला. चालला इतका अलगद, की करवंटीतलं पाणीसुद्धा हललं नसतं.