कोणत्या गावची मंडई?

आमच्या पुष्पांजली सिस्टरबद्दल कोणी वाकडं बोललं तर माझं डोकं तापते. बारा वर्षं झाली, मी शकुंतला, गावची आशा कार्यकर्ती, अन् ती उपकेंद्राची नर्स. सौंदडकडची पाच गावं आम्ही तिच्या स्कूटीवर पालथी घातली. बाई फटकळ आहे. बाळंतिणीला उपाशी ठेवणाऱ्या सासवांना अशी झाडते, की मला तोंडाला पदर लावून हसावं लागते.

ती या कामात आली मोठ्या बहिणीमुळे. ही तेव्हा चौदा वर्षांची. ऐन धान रोवण्याचे दिवस, बहीण घरीच बाळंत झाली अन् रक्त थांबेना. सायकलवर आलेल्या नर्सबाईनं बैलगाडीत सडक अर्जुनीच्या दवाखान्यापर्यंत तिच्या पोटावरचा हात काढला नाही. बहीण वाचली, अन् हिनं घरी सांगून टाकलं की मी हेच शिकणार. वडील दुधराम, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या घरातले. पोरीनं परक्यांची बाळंतपणं करावी हे त्यांना पटेना, दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. तरी ती गोंदियाला जाऊन शिकलीच.

कामाबाहेर तिला एकच नाद, नाटकाचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात, नाटक होते. प्रत्येक गावच्या मंडईचा दिवस वेगळा, अन् ते सगळे दिवस तिला तोंडपाठ. नवऱ्याला स्कूटीवर मागे बसवून निघते, अन् नाटकातली नायिका रडली की हीपण रडते.

आता माझी करणी ऐका. सुशिलाबाईची सून चेतना मंडई आटोपून नवऱ्यासोबत कामाला हैदराबादला गेली होती. परत आली तेव्हा सहावा महिना, अन् तोवर एकही तपासणी नाही. शेवटची पाळी कधी आली, मी विचारलं. ती म्हणाली, मंडईच्या दुसऱ्या दिवशी. मी आमच्या गावच्या मंडईची तारीख धरून कार्ड भरलं, सिस्टरनं सही केली.

ऑगस्ट उजाडला, कार्डावरची बाळंतपणाची तारीख उलटून गेली, कळा काही येईनात. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं सोनोग्राफी केली. बाळ लहान आहे, दिवस भरून गेले, म्हणजे पोटात वाढत नाही, आता थांबण्यात जोखीम आहे, असं त्यांनी सांगितलं. सिझरचा दिवस ठरला.

आदल्या दिवशी आम्ही दोघी चेतनाकडे गेलो. पोरीनं भीतीनं जेवण टाकलं होतं. सिस्टरनं पोट तपासलं, टेप लावली, अन् तिच्या कपाळाला आठी पडली. मग पोरीला धीर यावा म्हणून खाटेवर बसून नाटकाच्या गोष्टी काढल्या. चेतनाला हसू आलं. म्हणाली, गेल्या मंडईत खलनायकाची मिशीच गळून पडली, हसून हसून पोट दुखलं, अन् सकाळी पाळीच आली.

सिस्टरनं तिला मध्येच थांबवलं. ते नाटक तिनंही पाहिलं होतं.

"थे त तुया माहेरची मंडई होती ना व?"

चेतनानं मान हलवली. तिच्या माहेरची मंडई आमच्यानंतर पाच आठवड्यांनी. म्हणजे बाळ लहान नव्हतं, त्याचे दिवसच भरले नव्हते, अन् आम्ही त्याला उद्या कच्चंच बाहेर काढायला निघालो होतो! कोणत्या गावची मंडई, एवढं साधं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. सुशिलाबाई शेजारीच उभी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिस्टर पुढे झाली. "मॅडम, तारीख चुकली आहे. कार्डावर सही माझी, चूक माझी."

डॉक्टरीणबाईनं तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, पण पुन्हा सगळं तपासून सिझर थांबवलं. परतताना गाडीत सुशिलाबाईच्या जिभेला हाड राहिलं नाही. नाटकं पाहत फिरते, कामात ध्यान नाही, माझ्या सुनेचा जीव घेत होती. सिस्टर निमूट ऐकत राहिली. अन् मी? मी खिडकीबाहेर पाहत बसले. गावात तेच पसरलं, पुढे तिला नोटीस आली, तरी मी गप्पच. आग लागो माझ्या तोंडाला.

पोळा झाला, गणपती गेले, अन् सप्टेंबरात, मोठा दवाखाना गाठायला वेळ उरला नाही म्हणून, चेतना सिस्टरच्याच हातून मोकळी झाली. पोरगी, तीन किलोला थोडी कमी, ठणठणीत.

बारशाला सुशिलाबाईनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटीत लुगडं घातलं. चूक मीच पकडली असा तिचा समज. म्हणाली, शकुंतलेनं ध्यान ठेवलं म्हणून माझी नात हाती आली, नर्सबाईच्या भरवशावर राहिलो असतो त मेलो असतो. सिस्टर बायांमध्ये खाली बसली होती. मान वर न करता जेवत होती.

मला ते लुगडं पेलवेना. मी उठले. "सुशिलाबाई, हे तिले द्या. तारीख मीच चुकवली होती. तिनं माया गुन्हा आपल्या अंगावर घेतला."

सुशिलाबाईनं लुगडं उचललं, सिस्टरपुढे जाऊन बसली, अन् तिच्या ओटीत घातलं. सिस्टरनं उष्टा हात बाजूला धरला अन् ओक्साबोक्शी रडायला लागली.

एवढं लागलं होतं तिला, अन् मी महिनाभर तिच्याच स्कूटीवर मागे बसून फिरत होते.