रिकामे हात

आईच्या तेराव्यासाठी मी तिचं पेन्सिलचित्र काढत होते. समोर ओळखपत्रावरचा फोटो होता. त्यात चेहराच तेवढा होता, म्हणून हात मी चित्रकलेच्या वर्गात शिकवतात तसे काढले, मांडीवर एकावर एक ठेवलेले. रडू येत नव्हतं. पेन्सिलीला टोक करणं तेवढं जमत होतं.

बाबांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. "चेहरा तिचाच आहे गं. पण हात कुणा पाहुणीचे काढलेस? ती अशी कधी बसली होती?"

खरंच. फोटोपुरता चेहरा नीट करता येतो, हात मात्र आपल्या कामातच असतात. इतक्या लोकांचे हात काढले मी, पण आईच्या हातांतून पुढ्यात आलेलं ताट तेवढं पाहिलं होतं.

मी हात खोडले. चेहऱ्याखाली राखाडी डाग उरला.

बाबा आतून ताटली घेऊन आले. आईने अर्धवट सोललेला लसूण सुतकात कुणी वापरला नव्हता, तो तसाच सुकला होता. मी एक पाकळी उचलली आणि नखाने सोलू लागले.

"हां, असेच," बाबा म्हणाले. "आता काढ."

पण माझे हात कामात होते.