नावाखालची एक ओळ

सुलतान बाजारात परदेशी कंपन्यांच्या पाट्या नुकत्याच चढू लागल्या होत्या. तेव्हा मी शेजारच्या कोठी भागातल्या एका वैद्यकीय ग्रंथालयात कामाला होते. मेंदूवर संशोधन करणारे एक सर दर शनिवारी दुपारी यायचे. कोणाच्या निबंधाचा आधार कोणी घेतला, ते छापणारी जाडजूड सूची उघडून स्वतःचं नाव शोधायचे. नाव सापडायचं नाही. मग उन्हात तरंगणाऱ्या धुळीकडे बघत, अर्धवट झोपेत असल्यासारखे बसून राहायचे. झोपलेल्या उंदरांच्या मेंदूवर त्यांचा एकच निबंध होता.

एका शनिवारी नाव सापडलं आणि त्याखाली एक ओळ. जर्मनीत कोणीतरी त्यांचा आधार घेतला होता.

"सर, आता बढती पक्की," मी म्हटलं.

त्यांनी तो लेख मागवला. आल्यावर दोनदा वाचला.

"ताई, यांनी सगळं माझ्या मोजमापावर उभं केलंय. आणि ते चुकलंय. मला गेल्या वर्षी कळलं."

"पण हे कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच नक्को वाटलं तपासायला. म्हणून मीच कळवतो."

तिथेच बसून त्यांनी जर्मनीला आणि संपादकांना पत्रं लिहिली. बढती दुसऱ्याला मिळाली. काही महिन्यांनी त्यांचा निबंध मागे घेतल्याची चार ओळींची सूचना छापून आली. ती त्यांनी मला दाखवली.

"नावाचं स्पेलिंग बरोबर आहे," ते समाधानाने म्हणाले.